भुकेचा मधुमेह

मधुमेह हा सुखवस्तूंचा रोग, ही समजूत आम्हां रत्नागिरीकरांच्या मनातही रुजलेली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने तिला तडा दिला. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि त्यांची मुले यांचा मागोवा घेतला. माता सरासरी ४२ किलोंच्या, शेतात राबणाऱ्या. बाळे इंग्लंडमधील बाळांहून कितीतरी हलकी. त्वचेखालची चरबी मात्र जवळपास तेवढीच! अठराव्या वर्षी ज्यांची रक्तशर्करा वाढलेली आढळली, त्यांचे स्वादुपिंड सहाव्या वर्षीच गरजेच्या मानाने कमी इन्सुलिन स्रवत होते, गर्भातली वाढही मंद होती, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या इतिहासलेखनाने दुष्काळ मोजले. घरात सर्वांमागून जेवणारी बाई मोजली नाही, असे आम्हांस वाटते. २०१२ पासून याच मुलामुलींना ब-१२ जीवनसत्त्व देऊन पुढच्या पिढीत काय घडते, ते पाहिले गेले.