गिअर बदल, सायकलचा (घर्षण व इंडेक्स पद्धती)

जुन्या सायकलींत साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेण्याच्या दोन पद्धती. घर्षण पद्धतीत लिव्हर कुठेही थांबतो. साखळीची खरखर बंद होईपर्यंत तो कानाने जुळवायचा. इंडेक्स पद्धतीत लिव्हरमध्येच खटके असतात आणि दर खटक्याला केबल ठरावीकच ओढली जाते. शिमानो कंपनीने १९८४ मध्ये ड्युरा-एस या सुट्या भागांच्या संचातून ही पद्धत रूढ केली. पालघर, बोईसर-तारापूरच्या खाऱ्या हवेत केबल गंजून आवरणात अडकते. मग खटका पडतो, पण साखळी जागची हलत नाही. अशा वेळी डिरेलरला (साखळी सरकवणाऱ्या भागाला) दोष देऊ नये. आधी केबल व आवरण बदलावे, नंतर ताणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवावा. काही जुन्या लिव्हरांवर दोन्ही पद्धतींची सोय असते; खटके बिघडले तरी घर्षणावर टाकून घर गाठता येते.