पर्सच्या पोटातला नंबर

लाखाची जुनी पर्स विकायला आली, की जाणतं गिऱ्हाईक आधी तिच्या अस्तरात हात घालतं. आतल्या खिशाच्या शिवणीपाशी दोन अक्षरं आणि चार आकडे सापडले, की त्याचा जीव भांड्यात पडतो. ही अक्षरं मुळात त्याच्यासाठी उमटवलेलीच नव्हती.

नकलेची लढाई सुरू झाली ती पेटीच्या बाहेरच्या अंगावर. लुई व्हिटॉनने 1854 मध्ये पॅरिसला दुकान थाटलं आणि 1858 मध्ये करड्या कॅनव्हासची, सपाट झाकणाची ट्रंक आणली. आधीच्या ट्रंकांच्या घुमटाकार झाकणावरून पाणी ओघळून जाई. पण रेल्वेत आणि आगबोटीत पेट्या एकावर एक रचायच्या तर झाकण सपाटच हवं. माल खपू लागला तसे नक्कल करणारेही पुढे आले. कंपनीने पट्ट्यापट्ट्यांचं कापड काढलं. त्याचीही नक्कल झाली. 1888 मध्ये चौकड्यांचं ‘डॅमिए’ आलं आणि त्याच्या काही चौकड्यांत ही व्हिटॉनची नोंदणीकृत खूण असल्याचं छापलं गेलं. 1896 मध्ये लुईचा मुलगा जॉर्ज याने वडिलांची आद्याक्षरं आणि फुलं गुंफून ‘मोनोग्राम’ तयार केला. आज श्रीमंती मिरवणारी ही नक्षी जन्मली ती नकलेला अटकाव म्हणून.

नंबर आला कुलपातून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिटॉनच्या कुलपांना क्रमांक मिळाले. गिऱ्हाइकाच्या नावाने क्रमांकाची नोंद राही आणि एकाच किल्लीने त्याच्या सगळ्या ट्रंका उघडत. अशा राजेशाही गिऱ्हाइकांत आपलाही माणूस होता: नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेले बडोद्याचे सयाजीराव गायकवाड. त्यांच्यासाठी 1926 मध्ये व्हिटॉनने चहाच्या सामानाची खास पेटी बनवली होती. त्या काळच्या नंबरावरून मालक कळे. माल खरा की खोटा, हा प्रश्न नंबराला कुणी विचारत नव्हतं.

तो प्रश्न आला हँडबॅगांच्या जमान्यात. पण कोड आला तो वेगळ्याच कारणाने: कारखाने वाढले, तसा कोणता नग कुठे आणि कधी शिवला याचा हिशोब कंपनीला हवा झाला. 1980 च्या दशकात व्हिटॉनच्या पर्समध्ये ‘डेट कोड’ उमटू लागला. आधी नुसते आकडे, मग कारखान्याची अक्षरं. 1990 पासून पहिला आणि तिसरा आकडा मिळून महिना, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष. ‘व्हीआय 1025’ म्हणजे फ्रान्समधल्या कारखान्यात डिसेंबर 2005 मध्ये तयार झालेली पर्स. 2007 पासून महिन्याच्या जागी आठवडा आला.

नकली माल इथे अनेकदा पकडला जातो. 2005 च्या पर्सवर महिना सतरावा निघतो, किंवा कोड स्पेनचा आणि शिक्का ‘मेड इन फ्रान्स’चा. पण कोड जुळला म्हणून पर्स खरी ठरत नाही. त्याच कारखान्यात त्याच काळात शिवलेल्या कितीतरी पर्सवर तोच कोड असतो, आणि तो उतरवून घ्यायला फक्त एक अस्सल पर्स पुरते.

शनेलने प्रत्येक पर्सला वेगळा नंबर दिला. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून आत स्टिकर आणि सोबत त्याच नंबराचं कार्ड असे. मग नकली मालासोबत नकली कार्डंही आली. उलट, पर्सबरोबर कार्ड आहे म्हणून निर्धास्त होणारं गिऱ्हाईक नक्कल करणाऱ्याला आयतंच मिळालं.

हर्मीसची रीत आणखी वेगळी. 1945 पासून तिथे वर्षागणिक एकेक अक्षर कातड्यात दाबलं जातं. 1971 पासून अक्षराभोवती वर्तुळ आलं, 1997 पासून चौकोन, 2015 पासून पुन्हा नुसतं अक्षर. त्यामुळे नुसता ‘ए’ 1945 चा असेल किंवा 2017 चा. बर्किन ही पर्सच 1984 ची; तिच्यावरचा ‘ए’ 1945 चा आहे असं कुणी सांगू लागला, तर सौदा तिथेच थांबवावा. अक्षर वाचायचं तर पर्सचा इतिहासही ठाऊक हवा. म्हणून मुरलेले पारखी नंबरावर थांबत नाहीत. टाक्यांची तिरकस ठेवण, कातड्याची कापलेली कड, चेनचं वजन, ठशाची खोली हे सगळं पडताळून बघतात.

2021 मध्ये व्हिटॉनने डेट कोड बंद करून पर्समध्ये मायक्रोचिप बसवायला सुरुवात केली. त्याच वर्षी शनेलचं स्टिकर आणि कार्ड जाऊन चिप असलेली धातूची पट्टी आली. व्हिटॉनची मालक कंपनी एलव्हीएमएच, प्राडा आणि कार्टिए यांनी ‘ऑरा’ नावाचा ब्लॉकचेनचा उपक्रमही तेव्हाच उभारला. नक्कल करणाऱ्याचं काम अवघड झालं, यात शंका नाही. पण जुना कोड कुणालाही शिकून वाचता येई. चिपमधली नोंद उलगडते ती कंपनीच्याच यंत्रणेत. आणि जुन्या पर्सच्या बाजारात कंपनी काही तटस्थ पंच नव्हे. तिला नवी पर्स विकायची असते. पर्स तुम्ही विकत घेता, पण ती अस्सल असल्याचा दाखला मागायला दर वेळी कंपनीच्याच दारात जावं लागणार.