अँटी-रोल बार आणि टायरची झीज

अँटी-रोल बार म्हणजे मोटारीची डावी-उजवी चाके एकमेकांशी जोडणारा, दोन्ही टोकांना वाकवलेला स्प्रिंग-पोलादाचा दांडा. त्यालाच स्वे बार किंवा स्टॅबिलायझर बार म्हणतात. वळणावर गाडी कलली की त्याला पीळ बसतो आणि तो पीळ कलण्याला विरोध करतो. दोन्ही चाके एकदम वर-खाली झाली, तर तो रबरी बुशात नुसता फिरतो. भरीव दांड्याचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिमीच्या जागी २२ मिमीचा बसवला, तर सुमारे ४६ टक्क्यांनी.

जाड दांड्याने गाडीची पकड वाढते, हा समज अपुरा आहे. वळणावर बाहेरच्या चाकांवर एकूण किती भार सरकणार, हे मुख्यतः वेग, वळणाची त्रिज्या, गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांमधले अंतर ठरवते. दांडा बदलतो ती पुढच्या-मागच्या चाकांतली त्या भाराची वाटणी. टायरवरचा भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही; त्यामुळे पुढच्या-मागच्यांपैकी ज्या जोडीचा दांडा जाड, तिथली एकत्रित पकड बहुधा घटते. पुढचा जाड केला की गाडी वळायला कुरकुरते, मागचा केला की मागचे अंग बाहेर सरकू पाहते, आणि ओल्या रस्त्यावर हे दुसरे जास्त धोक्याचे.

गाडी कमी कलते म्हणून टायर रस्त्यावर सपाट बसतो आणि त्याची बाहेरची कड कमी घासते, असा युक्तिवाद केला जातो. कन्नडजवळच्या औट्रम घाटासारख्या ठिकाणी रोज जोरात वळणाऱ्या गाडीपुरता तो खराही आहे. जालना जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचे तसे नाही. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर–शिर्डी टप्प्यात खुल्या झालेल्या या रस्त्याची वळणे इतकी सैल, की दांड्याला फारसा पीळ बसतच नाही. तिथे टायरला खातात ती कमी हवा, वेग आणि त्यातून वाढणारी उष्णता. भोकरदन-घनसावंगीकडच्या काळ्या मातीत अडचण निराळी. ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि डांबराच्या कडा खचवते. एक चाक खड्ड्यात गेले की ताठर दांडा तो हिसका दुसऱ्या चाकापर्यंत नेतो; दांड्याची टोके जोडणारे लिंक रॉड आणि बुश लवकर ढिले होऊन खडखडू लागतात. उंच एसयूव्हीला मात्र अचानक लेन बदलताना जाड दांड्याचा फायदा होतो, हे नाकारता येत नाही. पण तो हाताळणीचा फायदा आहे. टायरचे आयुष्य त्याने वाढेलच असे नाही. पुढच्या टायरच्या नक्षीवरून आडवा हात फिरवल्यावर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धार लागत असेल, तर चाकांचा टो, म्हणजे वरून पाहता ती आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडलेला असतो. तिथे आधी अलाइनमेंट करावी लागते.