सोरायसिसवरील जैविक औषधे व संसर्गाचा धोका : मरोळच्या संदर्भात एक ऐतिहासिक आकलन

प्रस्तावना

जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधलेले संत जॉन बाप्तिस्ता यांचे चर्च १८४० च्या साथीत ओस पडले. कोंदिता गावचे ख्रिस्ती रहिवासी मरोळ येथे आले आणि तेथे नवे चर्च उभे राहिले. जुन्या वास्तूचे अवशेष आज सीप्झच्या आवारात आहेत. साथ आली की गाव सोडावे, हा त्या काळचा उपाय होता. परंतु शरीरातच दबा धरून बसलेल्या संसर्गापुढे तो निरुपयोगी ठरतो. सोरायसिसवरील जैविक औषधांनी हाच प्रश्न नव्याने उभा केला. या औषधांमुळे होणाऱ्या संसर्गाचा धोका रुग्णाच्या वस्तीच्या रोगेतिहासावरही अवलंबून असतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

इशाऱ्याचा उगम

सोरायसिस संसर्गजन्य नाही. प्रतिकारयंत्रणेच्या अतिरेकी क्रियेतून तो उद्भवतो. टीएनएफ हे प्रथिन त्वचेचा दाह वाढविते, तसेच क्षयजंतूंना वेढणारे पेशींचे कडेही टिकवून ठेवते. त्यास रोखले की दाह शमतो. मात्र कडेही ढासळू शकते. इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्या ७० रुग्णांना क्षयरोग झाल्याचा अहवाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुतेक संधिवाताचे रुग्ण होते. ४० जणांचा क्षय फुफ्फुसाबाहेरचा होता. विशेष म्हणजे ६४ रुग्ण क्षयरोगाचे प्रमाण अल्प असलेल्या देशांतील होते. सोरायसिससाठी २००३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले इफालिझुमॅब मेंदूच्या दुर्मीळ विषाणुजन्य विकारामुळे २००९ मध्ये बाजारातून मागे घेण्यात आले.

मुंबईचा संदर्भ

जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. दाट वस्तीच्या मुंबईत सुप्त क्षयसंसर्ग ही अपवादात्मक बाब नव्हे. उपचारापूर्वी छातीचा एक्स-रे, मँटू किंवा रक्तचाचणी करण्याचा प्रघात आहे. परंतु बीसीजी लसीमुळे मँटू चाचणीचा अर्थ लावणे कठीण होते आणि चाचणी नकारात्मक आली तरी संसर्ग नाहीच, असे म्हणता येत नाही. शिवाय सुप्त जंतू आयसोनियाझिडला दाद देणारा नसेल, तर त्या औषधाने केलेला प्रतिबंध व्यर्थ जातो. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०११ च्या अखेरीस बहुतांश औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाची नोंद प्रसिद्ध केली होती, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

२०२० चा अनुभव

बंगळूरच्या बायोकॉनने विकसित केलेल्या इटोलिझुमॅबला २०१३ मध्ये भारतात सोरायसिससाठी मान्यता मिळाली. २०२० मध्ये मरोळचे सेव्हन हिल्स रुग्णालय कोविड रुग्णांसाठी राखीव झाले. त्याच वर्षी मुंबई व दिल्लीतील अवघ्या ३० रुग्णांच्या अभ्यासानंतर इटोलिझुमॅबला कोविडच्या गंभीर रुग्णांसाठी मर्यादित आपत्कालीन परवानगी देण्यात आली. जी प्रतिकारशक्ती दडपल्याने संसर्गाचे भय वाटते, तिचाच अतिरेक संसर्गात घातक ठरू शकतो, हा विरोधाभास त्यातून स्पष्ट झाला.

निष्कर्ष

या विवेचनातून औषध टाळावे, असा निष्कर्ष निघत नाही. अनावर सोरायसिस माणसाचे काम, झोप आणि समाजातील वावर हिरावून घेतो. इंटरल्यूकिन-१७ व २३ रोखणाऱ्या नव्या औषधांत क्षयाचा धोका टीएनएफरोधकांपेक्षा कमी आढळतो. पहिल्या गटात बुरशीसंसर्ग मात्र अधिक दिसतो. तथापि, क्षय विरळ असलेल्या देशांत घडलेले नियम मरोळच्या रुग्णास जसेच्या तसे लावणे उचित नाही. पूर्वी कुणाला क्षय झाला होता, घरात कोण खोकते आणि उपचार चालू असताना ताप किंवा वजनातील घट दिसते का, ही विचारपूस येथे चाचणीइतकीच मोलाची ठरते.