केस मेलेला असतो, मग स्पर्श कळतो कुणाला?

हातावरचा एक केस नखाने हलकेच वाकवून बघा. त्वचेला नख लागू द्यायचं नाही, फक्त केस हलवायचा. तरीही लगेच कळतं. गंमत अशी, की त्वचेबाहेर आलेला केस ही जिवंत वस्तूच नाही. त्यातल्या पेशी मेलेल्या असतात, त्यात नस नसते की रक्त नसतं. म्हणून तर सलूनमध्ये कात्री चालू असताना आपण डुलकी काढू शकतो. मग केस वाकला हे कळलं कुणाला?

पाठ्यपुस्तकातलं उत्तर असं: केसाच्या मुळाभोवती मज्जातंतूंची टोकं असतात, केस तरफेसारखा हलला की ती टोकं ताणली जातात आणि संदेश मणक्यातून मेंदूकडे जातो. हे उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. मज्जातंतूच्या अलीकडे, केसाच्या मुळातल्या साध्यासुध्या पेशीही स्पर्श ओळखतात आणि तो मज्जातंतूला ‘सांगतात’, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. ते नेमकं कसं शोधलं, हे मला इथे सांगायचं आहे. कारण निष्कर्ष बातमीत एका ओळीत येतो, पद्धत मात्र कुणी सांगत नाही.

केशकूप म्हणजे काय

केस ज्या खोलगट पिशवीतून उगवतो तिला इंग्रजीतून आलेला शब्द हेअर फॉलिकल. मराठीत रोमकूप, केशपुटक असेही शब्द आहेत. मी ‘केशकूप’ वापरतो, कारण रचना खरोखर विहिरीसारखी असते. तळाशी सतत विभागणाऱ्या पेशी, मधून वर येणारा केस आणि भोवती विहिरीच्या बांधकामासारखी आवरणं. यातलं बाहेरचं आवरण आपल्या कामाचं. वरच्या त्वचेचाच थर आत वळून विहिरीत उतरावा तसं ते असतं. त्याला चिकटून, तेलग्रंथीच्या जरा खाली, मज्जातंतूंची टोकं कुंपणाच्या पट्ट्यांसारखी उभी असतात.

मज्जातंतू म्हणजे एका लांबलचक चेतापेशीचा धागा. या पेशीचा मुख्य भाग मणक्याशेजारी असतो. पायाच्या अंगठ्याचा स्पर्श आणणारी एकच पेशी कंबरेपासून अंगठ्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ मीटरभर पोचते.

आधी सापडलं दार

स्पर्श म्हणजे दाब. दाबाचं रूपांतर विजेच्या संदेशात व्हायला पेशीच्या पडद्यात दाबाने उघडणारं दार हवं. ते शोधलं अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेत आर्डेम पटापुटियन यांच्या गटाने. दाबल्यावर विजेचा प्रतिसाद देणाऱ्या पेशी त्यांनी बशीत वाढवल्या, ७२ संशयित जनुकांची यादी केली आणि एकेक जनुक बंद करून पेशींना सूक्ष्म काडीने टोचत राहिले. यादीतलं शेवटचं जनुक बंद केलं तेव्हा प्रतिसाद थांबला. ते ‘पिएझो १’. त्याचा भाऊ ‘पिएझो २’ आपल्या स्पर्शाच्या चेतापेशींमध्ये मुख्य काम करतो. शोधनिबंध २०१० चा, आणि २०२१ चं नोबेल पटापुटियन यांना डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत विभागून मिळालं.

दार चेतापेशीतच आहे म्हटल्यावर बाकीच्या पेशींकडे कोण बघणार?

लंडनचा प्रयोग

इम्पीरियल कॉलेज लंडनमध्ये क्लेअर हिगिन्स यांच्या गटाने बघितलं. काम २०२३ मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये आलं. सुरुवात जनुकांच्या नोंदींपासून झाली. केशकूपाच्या बाह्य आवरणातल्या पेशी आणि साध्या त्वचेतल्या तशाच पेशी यांची तुलना केली, तर स्पर्श ओळखणारी प्रथिनं असलेल्या पेशींचं प्रमाण केशकूपात जास्त निघालं. हा फक्त संशय झाला, पुरावा नव्हे. दार आहे म्हणजे त्यातून कुणी ये-जा करतंच असं नाही.

अडचण समजून घ्या. अख्ख्या त्वचेत सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. केस हलवला की पेशीही हलतात आणि मज्जातंतूही. आधी कुणाला कळलं हे सांगणार कसं? म्हणून दोघांना शरीराबाहेर काढून एकाच बशीत शेजारी वाढवलं. माणसाच्या केशकूपातल्या पेशी आणि संवेदी चेतापेशी, अशी ही जोडी. मग फक्त केशकूपाच्या पेशींना यांत्रिक धक्का द्यायचा आणि शेजारची चेतापेशी काय करते ते बघायचं.

बघायचं कसं? चेतापेशी जागी झाली की तिच्यात कॅल्शियम शिरतं. कॅल्शियम भेटल्यावर चमकणारा रंग आधीच भरून ठेवला, तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी उजळताना दिसते. धक्का एकीला, उजळली दुसरी. म्हणजे निरोप पोचला.

पण निरोप कशाने गेला? धक्का दिल्यावर पेशींतून काय बाहेर पडतं ते इलेक्ट्रोडने मोजलं. इलेक्ट्रोडवरचा व्होल्टेज बदलत नेला की वेगवेगळे रेणू वेगवेगळ्या व्होल्टेजला विजेचा प्रवाह देतात, त्यावरून रेणू ओळखता येतो. सापडली तीन रसायनं: एटीपी, सेरोटोनिन आणि हिस्टामिन. एटीपी आपण शाळेत पेशीचं ‘ऊर्जा-चलन’ म्हणून शिकतो, पण पेशीबाहेर पडलं की ते निरोप्याचं कामही करतं.

मला या प्रयोगात सगळ्यात पटलेला भाग पुढचा आहे. चेतापेशीवर सेरोटोनिन आणि हिस्टामिन ज्या कुलपांत बसतात ती कुलपं औषधाने बंद केली, तर चेतापेशी उजळेना. उलट बाजूने, केशकूपाच्या पेशींत रसायनं भरून ठेवणाऱ्या चिमुकल्या पिशव्या तयार होणं थांबवलं, तरी निरोप जाईना. दोन्ही टोकांनी दोर कापून बघितला, म्हणून हे काम नुसत्या ‘दोन गोष्टी एकत्र दिसल्या’ याच्या पुढे जातं.

साध्या त्वचेच्या पेशींवर तोच प्रयोग केला तेव्हा हिस्टामिन आलं, सेरोटोनिन नाही. म्हणजे केशकूपाचा निरोप वेगळा आहे. आणि हिस्टामिन म्हटलं की खाज आलीच! इसबासारख्या त्रासात ते रोगप्रतिकारक पेशींतून येतं असं धरलं जायचं. त्वचेची पेशीही ते सोडत असेल, तर इसबाच्या संशोधकांना आणखी एका ठिकाणी बघावं लागेल.

मर्यादाही ठेवूया समोर. हे सगळं बशीतलं आहे. जिवंत त्वचेत या निरोपाचा वाटा किती, आणि तो सगळ्या प्रकारच्या मज्जातंतूंना जातो की ठरावीकच, हे त्या प्रयोगाने सांगितलेलं नाही.

भाजलेल्या माणसाला याचा काय उपयोग

त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवणं नवं नाही. जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी १९७५ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशी वाढवण्याची भरवशाची पद्धत दिली. १९८४ मध्ये ९५ टक्क्यांहून अधिक भाजलेल्या दोन मुलांवर त्यांच्याच पेशींपासून वाढवलेली त्वचा बसवल्याचं प्रसिद्ध झालं. जीव वाचवणारं काम होतं ते. पण असा पापुद्रा म्हणजे झाकण. त्यात केशकूप नसतात, घामाच्या ग्रंथी नसतात, आणि आता कळतंय की केशकूप नाही म्हणजे स्पर्शाचा एक निरोप्याही नाही.

म्हणून बॉस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलमधल्या कार्ल कोलर यांच्या गटाचं २०२० चं ‘नेचर’मधलं काम महत्त्वाचं. माणसाच्या मूलपेशींना ठरावीक क्रमाने रसायनं देत त्यांनी चार-पाच महिन्यांत त्वचेचा गोळा वाढवला. त्यात दोन थर, चरबी, तेलग्रंथी, रंगीत केस होते आणि केशकूपांकडे स्वतःहून वाढत गेलेले मज्जातंतूही. कोलर मुळात आतल्या कानावर काम करत होते, त्वचेकडे ते त्या वाटेने आले. हा गोळा उलटा असतो: पृष्ठभाग आत, केसांची मुळं बाहेर. उंदराच्या पाठीवर बसवल्यावर मात्र तो उलगडला आणि अनेक कलमांवर केस बाहेर आले. त्यात रोगप्रतिकारक पेशी नव्हत्या. त्यातल्या मॅक्रोफेज पेशी घातल्यावर अशा गोळ्यात रक्तवाहिन्या अधिक चांगल्या बनतात, हे २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या गटाने दाखवलं.

‘स्टेम सेल’ लिहिलेल्या केसांच्या तेलाचा यातल्या एकाही प्रयोगाशी संबंध नाही, हे जाता जाता. गोळा वाढायला चार-पाच महिने लागतात, आणि मोठ्या भाजलेल्या जखमेला इतका वेळ नसतो. त्यामुळे पहिले काही आठवडे झाकण आणि पुढे केशकूपांसह त्वचा, अशी दोन टप्प्यांची वाट मला जास्त शक्य वाटते. त्या वेळी फक्त केस उगवले का एवढंच मोजून भागणार नाही, केस वाकवल्यावर पलीकडची चेतापेशी उजळते का, हेही बघावं लागेल.