रीपरची थीम

रीपरची थीम : रीपर या ध्वनिमुद्रण-सॉफ्टवेअरचे पडद्यावरील रूप ठरवणारा फाइलींचा संच. रंग, बटने व फेडर यांची चित्रे आणि त्यांच्या मांडणीचे नियम ही त्याची तीन अंगे. नोंदलेल्या आवाजावर थीमचा परिणाम होत नाही. 

पार्श्वभूमी : रीपर ही कॉकोस या कंपनीची निर्मिती. कंपनीचे संस्थापक जस्टिन फ्रँकेल हे 1997 साली आलेल्या विनअँप या संगीतवादकाचेही कर्ते. विनअँपची ‘स्किन’ म्हणजे चित्रांची झिप फाइलच असे, फक्त तिचे आडनाव (एक्स्टेन्शन) बदललेले. रीपरने हीच युक्ती उचललेली दिसते. पहिली जाहीर आवृत्ती डिसेंबर 2005 मध्ये आणि आवृत्ती 1.0 ऑगस्ट 2006 मध्ये निघाली. पुढे 5.0 (2015), 6.0 (2019) व 7.0 (2023) या आवृत्त्यांबरोबर नवी मूळ थीम देण्यात आली. पाचव्या व सहाव्या आवृत्तीच्या मूळ थीमचे काम व्हाइट टाय या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनाकाराचे आहे.

फाइलींचे स्वरूप : थीम दोन प्रकारे मिळते. ‘रीपरथीम’ ही साधी टेक्स्ट फाइल असते. तिच्यात रंगांचे आकडे, फाँट आणि चित्रांच्या फोल्डरचे नाव असते. ‘रीपरथीमझिप’मध्ये हे सारे एकत्र बांधलेले असते. दोन्हींची जागा ‘कलरथीम्स’ या फोल्डरात. हा फोल्डर विंडोजवर वापरणाऱ्याच्या अ‍ॅपडेटात आणि मॅकवर लायब्ररीतील अ‍ॅप्लिकेशन सपोर्टमध्ये असतो. लिनक्सवर तो कॉन्फिगमध्ये. लिनक्सवर तो कॉन्फिगमध्ये.

रंग : रंग दशमान आकड्यात लिहिलेला असतो. लाल घटक, अधिक हिरव्याची 256 पट, अधिक निळ्याची 65536 पट, असा त्याचा हिशेब. म्हणून शुद्ध लाल 255 आणि शुद्ध निळा 16711680. वेबपानांच्या रंगसंकेतात क्रम उलट असल्याने तिथला लालाचा आकडा दशमान करून इथे चिकटवला की पडदा निळा होतो. हाताने फाइल संपादणाऱ्यांची ही नेहमीची फसगत. अ‍ॅक्शन्सच्या यादीत थीम-बदलाची विंडो आहे. तिच्यात रंग निवडून लगेच पाहता येत असल्याने आकडेमोड टळते. सहाव्या आवृत्तीपासून गॅमा, छाया, मध्यछटा, उजळ छटा, रंगघनता व रंगझाक यांच्या सरकपट्ट्या मिळाल्या. पूर्ण थीम न उघडता पडदा थोडा मंद करायचा, तर त्या पुरतात.

ट्रॅकला वापरणाऱ्याने दिलेला रंग थीममध्ये नसतो, तो प्रकल्पाच्या फाइलीत जातो. थीम बदलूनही जुना भगवा ट्रॅक भगवाच का राहिला, याचे उत्तर एवढेच.

चित्रे : प्रत्येक बटनाची एक पीएनजी फाइल असते आणि तिच्यात तीन अवस्था शेजारी शेजारी काढलेल्या असतात : नेहमीची, वर माउस आल्याची आणि दाबल्याची. चित्र ताणले गेल्यावर कडा फाटू नयेत म्हणून कडेने एक पिक्सेल जाडीची गुलाबी रेघ (लाल 255, हिरवा 0, निळा 255) ओढतात. तिने दाखवलेला भाग ताणला जात नाही. ही रेघ पडद्यावर दिसत नाही. मात्र चित्र जेपीजीतून फिरवून आणले किंवा कडा मऊ करणाऱ्या साधनाने रेघेची छटा जराशी जरी हलली, तरी खूण ओळखली जात नाही आणि बटनाभोवती गुलाबी किनार उमटते. पिवळ्या रेघांचा उपयोग बटनाच्या हद्दीबाहेर पसरणारी सावली वा चमक दाखवण्यासाठी. दाट पडद्यांसाठी 150 व 200 या नावांच्या उपफोल्डरांत मोठी चित्रे ठेवतात. थीममध्ये एखादे चित्र नसले, तर रीपर आपल्याजवळचे अंगभूत चित्र वापरते. त्यामुळे अर्धवट थीमही चालते, फक्त ठिगळ लावल्यासारखी दिसते.

मांडणी (वॉल्टर) : थीमचा खरा गाभा हाच. रंग कोणीही बदलतो. ट्रॅकचा पट्टा अरुंद केल्यावर म्यूट (आवाज बंद करणारे बटन) आधी लपावे की पॅन (आवाजाची डावी-उजवी बाजू ठरवणारे), हे ठरवायला मात्र रेकॉर्डिंगला बसलेल्या माणसाचा हात कुठे जातो ते ठाऊक असावे लागते. चित्रांसोबतच्या ‘आरटीकॉन्फिग’ या टेक्स्ट फाइलीत वॉल्टर या छोट्या भाषेत नियम लिहितात. ट्रॅकचा पट्टा, मिक्सर, एन्व्हलप (बदलांच्या रेषा) आणि ट्रान्सपोर्ट (वाजवण्या-थांबवण्याची बटने) यांचे घटक त्यात नावानिशी येतात. प्रत्येक घटकाला आठ आकडे : आडवे स्थान, उभे स्थान, रुंदी, उंची आणि मग डावी, वरची, उजवी व खालची कड पट्ट्याच्या वाढीबरोबर किती सरकेल याचे प्रमाण. म्यूटच्या बटनाला शेवटचे चार आकडे 1, 0, 1, 0 असे दिले, तर पट्टा रुंदावताच बटन उजव्या कडेला धरून सरकते. पहिल्या 1 च्या जागी 0 लिहिला, तर डावी कड जागीच राहते, उजवी पुढे जाते आणि बटन लांबट होते. गणिती चिन्ह संख्यांच्या आधी लिहिण्याची रीत आहे. ‘रुंदी 300 पेक्षा कमी असल्यास ही जागा, नाहीतर ती’ असेही सांगता येते. एकाच थीममध्ये अनेक मांडण्या ठेवून गायकाच्या ट्रॅकला एक आणि तबल्याच्या ट्रॅकला दुसरी लावता येते. सहाव्या व सातव्या आवृत्तीच्या मूळ थीमसोबत मांडणी माउसने बदलण्याची स्क्रिप्ट मिळते. ती सोयीची आहे, पण थीमकर्त्याने सोडलेल्या फटींपुरतीच.

पूर्ववत करणे : ऑप्शन्समधील थीमच्या यादीतून मूळ थीम निवडली की झाले, 5.0 किंवा 6.0 चे जुने रूपही त्याच यादीतून परत आणतात. नुसत्या सरकपट्ट्या हलवल्या असतील, तर त्या मूळ स्थानी आणाव्यात, थीम बदलू नये. स्वतःचे बदल मूळ थीमच्या नावाने जतन करू नयेत, कारण नवी आवृत्ती बसवताना त्या नावाची फाइल बदलली जाऊ शकते. जुनी थीम नव्या आवृत्तीत उघडल्यावर बटने गायब झाली, तर दोष बहुधा रंगांत नसून वॉल्टरच्या नियमांत असतो : नंतर आलेल्या घटकाला त्या नियमांत जागाच दिलेली नसते. विंडोजच्या स्टार्ट मेन्यूत सर्व सेटिंग मूळपदावर नेण्याचाही मार्ग आहे, पण त्यात कीबोर्डचे शॉर्टकट आणि ऑडिओ कार्डाची निवडही जाते. केवळ रूपासाठी तो वापरणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. वापरायचाच असेल, तर आधी प्रेफरन्सेसमधून कॉन्फिगरेशन निर्यात करून ठेवावे.

देवाणघेवाण : झिप थीम रीपरच्या विंडोवर ओढून सोडता येते. दुसऱ्याच्या थीममधील चित्रे बदलून वाटावीत की नाही, हे त्या त्या कर्त्याच्या परवानगीवर अवलंबून.

इतर सॉफ्टवेअर : ऑडॅसिटीत 2.2.0 आवृत्तीपासून (2017) लाइट, डार्क, क्लासिक व हाय कॉन्ट्रास्ट अशा चार तयार थीम आल्या. क्लासिक म्हणजे त्याआधीचे रूप. प्रो टूल्समध्ये गडद रूप 2020 साली आले. एबल्टन लाइव्हची थीम रंगांपुरती.