डॉक्टरांची वेळ : ब्रिटनमधल्या एका रांगेचा इतिहास

मंडळी, आज एका शब्दापासून सुरुवात करू. ब्रिटनमध्ये कुणी म्हणालं, ‘सकाळी सर्जरीत जाऊन आलो’, तर घाबरायचं कारण नाही. तिथे सर्जरी म्हणजे आपल्या भागातल्या डॉक्टरांचा दवाखाना. या दवाखान्यात वेळ मिळणं हा तिथला एवढा मोठा प्रश्न आहे की पंतप्रधानांना त्यावर उत्तरं द्यावी लागतात. दवाखान्यात नंबर लावण्याला कसला आलाय इतिहास, असं आपल्याला वाटेल. पण जिथे डॉक्टर तपासण्याचे पैसे घेत नाही, तिथे कुणाला आधी तपासायचं हे दुसऱ्या कशाने तरी ठरवावं लागतं. ते कशाने ठरत आलं, एवढंच आपण आज पाहणार आहोत.

लॉइड जॉर्ज यांच्या १९११च्या विमा कायद्याने कामगाराला ‘पॅनेल’वरचा डॉक्टर मिळाला. ज्याचा विमा, त्यालाच डॉक्टर. बायकोमुलांना नाही. म्हणजे गिरणीत जाणाऱ्याला ताप आला तर औषध, आणि घरात राबणारीने मात्र दुखणं अंगावर काढायचं. हे चित्र ५ जुलै १९४८ रोजी बदललं. अन्यूरिन बेव्हन यांची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि डॉक्टर सगळ्यांचा झाला. वर्षानुवर्षं लपवलेली दुखणी घेऊन बायका दवाखान्यात आल्या.

इथे एक बारकावा आहे. हे डॉक्टर सरकारचे पगारी नोकर झाले नाहीत. त्यांच्याकडे जितकी नावं नोंदलेली, तितके डोईप्रमाणे पैसे त्यांना मिळत. एका डॉक्टरला चार हजारांपर्यंत नावं ठेवता येत होती. चार हजार! नाव नोंदलं की डॉक्टर तुमचा झाला. पण त्याचा वेळ किती तुमचा?

सुरुवातीची रीत साधी होती. सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी दवाखाना उघडायचा, लोक येऊन बाकावर बसायचे, आणि आपण कुणाच्या मागे आहोत हे ज्याचं त्याने लक्षात ठेवायचं. अगदी आपल्या गावच्या दवाखान्यासारखं. १९५० साली जोसेफ कॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने इंग्लंडमधले दवाखाने पाहून ‘लॅन्सेट’मध्ये अहवाल लिहिला. औद्योगिक वस्त्यांतल्या काही दवाखान्यांचं त्यातलं वर्णन वाचवत नाही. गर्दी एवढी, की रोग्याला नीट तपासायलाही सवड नाही. तरी त्या रांगेचा एक गुण मान्य केला पाहिजे : ती दिसत होती. दार उघडलं की डॉक्टरला कळायचं, आज किती जण आहेत आणि कोण कण्हतंय.

मग आली ‘वेळ देण्याची’ पद्धत. १९५२ साली वेल्च आणि बेली या दोघांनी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांसाठी याचं गणित मांडलं. आरंभी दोघांना बोलवा, आणि मग एका रोग्याला सरासरी जितका वेळ लागतो तितक्या अंतराने एकेकाला. दोघांना का? तर पहिला आलाच नाही तरी डॉक्टर रिकामा बसू नये म्हणून. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यांना हे गणित निव्वळ गणित वाटत नाही. डॉक्टरचं एक मिनिट वाचवायला रोग्याची किती मिनिटं खर्चायची, याचा भाव त्यात आधीच ठरलेला आहे.

लहान दवाखान्यांत ही पद्धत लगेच रुजली नाही, कारण वही सांभाळणार कोण? पुष्कळ ठिकाणी डॉक्टरांची पत्नीच फोन घ्यायची, तेही बिनपगारी. १९६६च्या नव्या करारात मदतनिसांच्या पगाराचा ७० टक्के भाग सरकार देऊ लागलं, आणि रिसेप्शनिस्ट बाई खुर्चीवर स्थिर झाल्या. बाकं रिकामी झाली. रांग मात्र संपली नाही. ती घरोघरी, टेलिफोनपाशी जाऊन बसली. ज्याच्या घरी फोन नाही, ज्याला कामावरून फोन करायची मुभा नाही, जो नीट बोलू शकत नाही, तो या रांगेत मागे पडला. आणि बाकावर कण्हणारा दिसायचा, तसा हा कुणाला दिसतही नाही.

वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात डॉक्टरकी करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१मध्ये ‘उलटा नियम’ मांडला : जिथे गरज जास्त, तिथेच चांगली वैद्यकीय सेवा कमी. अशा वस्त्यांत यायला तिथले तरुण डॉक्टर नाखूष असत. त्या जागा मोठ्या प्रमाणावर भारतीय उपखंडातून गेलेल्या डॉक्टरांनी भरल्या. रुग्णालयांतल्या वरच्या जागा त्यांना सहजी मिळत नव्हत्या, हेही त्याचं एक कारण. ब्रिटनच्या मेडिकल कौन्सिलने १९७५मध्ये भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली, पण तोवर कितीतरी खाणवस्त्यांचा ‘आपला डॉक्टर’ भारतीय झाला होता.

पुढे सरकारने घड्याळ हाती घेतलं. २०००च्या योजनेत ठरलं, की २००४पर्यंत प्रत्येकाला ४८ तासांच्या आत डॉक्टर भेटला पाहिजे. हेतू उत्तमच. पण काही दवाखान्यांनी शक्कल काढली : ४८ तासांपलीकडची वेळ द्यायचीच नाही! पुढच्या आठवड्याची वेळ मागणाऱ्यालाही ‘उद्या-परवा सकाळी फोन करा’. २००५च्या निवडणुकीत एका टीव्ही कार्यक्रमात एका बाईंनी हे टोनी ब्लेअर यांना तोंडावर विचारलं, तेव्हा त्यांना ते ठाऊकच नव्हतं. २०१०मध्ये नव्या सरकारने ते लक्ष्य रद्द केलं. सकाळी आठच्या ठोक्याला सगळ्यांनी एकदम फोन लावायची झुंबड मात्र राहिली.

आता १ ऑक्टोबर २०२५पासून इंग्लंडमधल्या दवाखान्यांना सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा ऑनलाइन विनंत्या खुल्या ठेवाव्या लागतात. डॉक्टरांच्या संघटनेची त्याला हरकत आहे. साध्या विनंत्यांच्या ढिगात एखादी तातडीची, छातीत दुखणाऱ्याची, न वाचलेली राहिली तर? बाकावर बसलेला माणूस निदान शेजाऱ्याला तरी सांगू शकत होता. असो. आता आपले प्रश्न घेऊ.